रोज एकाच वेगाने 8 किमी पळतो, तरी हाफ मॅरेथॉनची वेळ सुधारत नाही. सरावात काय बदलू?

तुम्ही दिलेले आकडे असे: आठवड्यात सहा दिवस 8 किमी, दर वेळी किलोमीटरला साधारण 6:30 (6 मिनिटे 30 सेकंद), हाफची म्हणजे 21.1 किमीची सर्वोत्तम वेळ 2 तास 15 मिनिटे आणि आता सप्टेंबरमधली सातारा हिल हाफ मॅरेथॉन. 2:15 म्हणजे किलोमीटरला 6:24. तुमचा रोजचा वेग शर्यतीच्या वेगापेक्षा जेमतेम 6 सेकंदांनी कमी आहे आणि अडचण तिथेच आहे. रोज पळायला हा वेग जास्त होतो, म्हणून पाय कधीच पूर्ण ताजे होत नाहीत. दम वाढवायला मात्र तो पुरत नाही. एकूण किलोमीटर वाढवू नका, त्याच 48 किलोमीटरची वाटणी बदला.

आधी सावकाश पळणे, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. तुमच्यासाठी सावकाश म्हणजे 7:15 ते 7:45. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. तीन-चार शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. या वेगात हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, शरीर चरबी वापरायला सरावते, आणि सांध्यांवर फारसा ताण येत नाही. बहुतेकांना हे पटते, पण घड्याळात 7:40 दिसले की राहवत नाही, कोणी मागून पुढे गेले की पाय आपोआप उचलले जातात. सगळ्या बदलांपैकी एकच करणार असाल तर हा करा. आठवड्यातले साधारण 80 टक्के पळणे याच वेगाने व्हायला हवे. सोमवारी पूर्ण विश्रांती, बुधवारी 7 किमी आणि शनिवारी 6 किमी सावकाश.

मंगळवारी इंटरव्हल, म्हणजे जोराच्या छोट्या फेऱ्या आणि मध्ये हळू जॉगिंग. 2 किमी हळू जॉगिंग, मग पाय पुढे-मागे झुलवणे, मग 80 ते 100 मीटरच्या चार मोकळ्या धावा. त्यानंतर 400 मीटर आठ वेळा, प्रत्येक फेरी 2:20 मध्ये आणि मध्ये 200 मीटर जॉगिंग. शेवटी 1 किमी सावकाश. चार आठवड्यांनी 1000 मीटरच्या पाच फेऱ्यांवर या, प्रत्येकी 5:50, मध्ये अडीच ते तीन मिनिटे जॉगिंग. हा वेग तुमच्या सध्याच्या दमाच्या हिशेबाने 5 किमीच्या शर्यतीचा आहे. पहिली फेरी 2:05 आणि आठवी 2:35 झाली तर त्या दिवशीचा सराव फुकट गेला समजा. पहिली आणि शेवटची यांत 3 सेकंदांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. शाळा-कॉलेजांची मैदाने बऱ्याचदा 400 मीटरची नसतात आणि वळणांवर जीपीएस चुकते, तेव्हा फेरी एकदा मोजून घ्या. मैदानच नसेल तर रस्त्यावर फार्टलेक: 1 मिनिट जोरात, 1 मिनिट हळू, असे दहा वेळा.

गुरुवारी एका आठवड्यात टेम्पो, दुसऱ्यात चढ. टेम्पो म्हणजे तासभर टिकवता येईल असा वेग, तुमच्यासाठी 6:05 ते 6:15. सुरुवातीला 10 मिनिटे दोनदा, मध्ये 2 मिनिटे जॉगिंग; पुढे सलग 20 मिनिटे. शेवटी धापा टाकत थांबलात तर ती शर्यत झाली, टेम्पो नाही. चढाच्या दिवशी 60 सेकंद चढ जोरात, चालत खाली, असे आठ वेळा. पावले लहान, नजर दहा-पंधरा मीटर पुढे, कमरेतून वाकायचे नाही.

साताऱ्यासाठी उताराकडे मात्र वेगळे लक्ष द्या, कारण तिथेच बहुतेकांचा घात होतो. शर्यतीचा पहिला अर्धा भाग यवतेश्वर घाटाने वर जातो आणि त्याच वाटेने परत यायचे असते. चढाची तयारी सगळे करतात. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकसून प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि शेवटच्या पाच-सहा किलोमीटरला मांड्या साथ सोडतात. हे स्नायू एकदा उताराला सरावले की पुढच्या वेळी दुखापत बरीच कमी होते आणि ही सवय काही आठवडे टिकते. म्हणून दर दोन आठवड्यांनी एका रविवारी घाटरस्ता गाठा. आधी उतार 2 किमी, मग 3, मग 5. पाऊल शरीराच्या खाली पडू द्या. टाच पुढे फेकलीत की गुडघ्याला दणका बसतो. पुण्याजवळ सिंहगडाचा गाडीरस्ता चांगला आहे, पण पावसाळ्यात दरडींची चौकशी करून जा. शर्यतीच्या आधीचे दहा दिवस मोठा उतार नको.

बाकीचे रविवार लांब पळण्याचे: 14 किमीपासून सुरू करून 18 ते 20 पर्यंत, दर आठवड्याला फार तर दीड किलोमीटर वाढ. एखाद्या रविवारी शेवटचे 4 किमी 6:20 ने पळा. लांबी वाढेल तसे बुधवार-शनिवारचे थोडे कमी करा. दीड तासाहून जास्त पळणार असाल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घ्या. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात. मीठ-साखर घातलेले लिंबूपाणीही चालते.

शुक्रवारी पळणे नाही, वीस मिनिटे ताकदीचे व्यायाम. पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, 15 वेळा गुडघा सरळ ठेवून आणि 15 वेळा किंचित वाकवून, तीन सेट. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीचा आतला स्नायू काम करतो आणि चढावर जोर त्याचाच लागतो. शिवाय एका पायावर पायरीवरून सावकाश उतरणे, दहा-दहाचे तीन सेट.

दुखापती बहुधा दोन गोष्टींनी होतात: सलग दोन दिवस जोर लावणे, आणि वेग व अंतर एकाच आठवड्यात वाढवणे. दम महिन्याभरात सुधारतो, स्नायुबंध आणि हाडांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दर चौथ्या आठवड्याला अंतर 25 ते 30 टक्के कमी करा. नडगीच्या हाडावर बोट ठेवल्यावर एकाच जागी दुखत असेल आणि पळताना ते वाढत असेल तर थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर रस्त्याकडे बघा. रोज एकाच बाजूने पळलात तर रस्त्याच्या आडव्या उतारामुळे एक पाय सतत खाली पडत राहतो. रहदारी नसेल तिथे मधोमध पळा.

सगळा सराव पावसात होणार, तेव्हा बुटांचे दोन जोड ठेवा. ओल्या बुटात वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको, डिंक सुटतो. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन लावा. शेवाळलेल्या रस्त्यावर इंटरव्हल करू नका, त्या दिवशी सावकाश पळा आणि वेगाचा सराव दुसऱ्या एखाद्या दिवशी करा.

शेवटचे दोन आठवडे अंतर आधी 30, मग 50 टक्क्यांनी घटवा. थोडे जोराचे पळणे ठेवा, म्हणजे पाय जड होत नाहीत. शर्यतीत घाट चढताना घड्याळाकडे न बघता श्वासावर पळा, 7:20 दिसले तरी चालेल. त्या वेळेची सपाट रस्त्यावरच्या 2:15 शी तुलना करू नका. सपाट रस्त्यावरची वेळ सुधारलेली बघायची असेल तर जानेवारीतली मुंबईची हाफ पळा.