स्टेडियम रिकामं असलं की कोच वाचतो? क्वाद्रातला विचारा

प्रश्न असा आहे: कोरोनाच्या काळात मॅचेस रिकाम्या स्टेडियममध्ये झाल्या, तेव्हा हरत चाललेल्या मॅनेजरवरचं प्रेशर कमी झालं होतं का? आणि प्रेक्षक नसले की त्याची खुर्ची जास्त टिकते का?

खुर्ची टिकते, थोडी. प्रेशर कमी होत नाही. आणि ज्या कोचला लोक मनापासून मानतात, त्याची खुर्ची उलट लवकर जाते. या तिसऱ्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहायला घेतलं. आमच्या बेळगावात हा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं, "बघायलाच कोण नव्हतं की वो, कसलं प्रेशर?" म्हणणारे स्वतःला बेंगळुरू एफसीचे फॅन म्हणवतात, आणि त्यांच्याच क्लबच्या कोचचं, कार्लेस क्वाद्रातचं, काय झालं ते त्यांनाच आठवत नाही.

२०२०-२१चा आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अख्खा सीझन गोव्यात झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, एवढी तीनच ग्राउंड. ११ टीम, लीगमध्ये प्रत्येकीच्या २० मॅच, २० नोव्हेंबरला सुरुवात, १३ मार्चला फायनल. चोर्ला घाट उतरला की गोवा, पण बेळगावकरांना तो सीझन टीव्हीवरच बघावा लागला. टीम बायोबबलमध्ये. हॉटेल, बस, ग्राउंड, परत हॉटेल.

क्वाद्रात नवखा नव्हता. २०१६ साली तेव्हाचा हेड कोच अल्बर्ट रोकाचा असिस्टंट म्हणून आला आणि त्याच वर्षी क्लब एएफसी कपच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, फायनलला गेला. २०१८मध्ये हेड कोच झाला. २०१८-१९ला बेंगळुरू पॉइंट टेबलमध्ये पहिलं आलं आणि ट्रॉफीही घेतली; मुंबईतल्या फायनलमध्ये गोव्याविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये राहुल भेकेनं गोल केला तो हाच सीझन. टेबलात पहिलं येऊन फायनलही जिंकणं त्याआधी आयएसएलमध्ये कुणालाच जमलं नव्हतं. पुढच्या वर्षी सेमीफायनल. मग गोव्यातला तो सीझन. सुरुवातीला एकही पराभव नाही. २१ डिसेंबरला एटीके मोहन बागानकडून ०-१. २८ डिसेंबरला जमशेदपूरकडून ०-१. ५ जानेवारीला मुंबई सिटीकडून १-३. आणि ६ जानेवारीला क्लबनं जाहीर केलं, क्वाद्रात आणि आम्ही वेगळे होतोय.

हिशेब नीट बघा. ९ मॅच, ३ जिंकल्या, ३ ड्रॉ, ३ हरल्या, १२ पॉइंट. भारी नाही, पण बुडालेलंही नाही. तीन पराभव पंधरा दिवसांत, त्यातले दोन एकेका गोलचे. याच तीन मॅच नेहमीच्या सीझनमध्ये झाल्या असत्या तर निदान एखादी बेंगळुरूच्या घरच्या कंठीरवा स्टेडियमवर झाली असती. तिथे वेस्ट ब्लॉक स्टँडमधली फॅन पोरं नव्वद मिनिटं उभी असतात, टीम हरो की जिंको. तिसऱ्या पराभवानंतर त्यांनी शिट्ट्या मारल्या असत्या की क्वाद्रातचं नाव घेतलं असतं? मला विचाराल तर नाव घेतलं असतं. ट्रॉफी देऊन दोन वर्षंही झाली नव्हती. आणि व्हीआयपी बॉक्समध्ये बसलेल्या मालकाला ते ऐकावं लागलं असतं. गोव्यात त्याच्यासमोर फक्त टेबल होतं आणि टेबलाला मागचं काही आठवत नाही.

पुढचंही सांगतो. नौशाद मूसा हंगामी कोच झाले. राहिलेल्या ११ मॅचमध्ये १० पॉइंट आले आणि टीम २२ पॉइंटवर सातवी. क्वाद्रातनं ९ मॅचमध्ये यापेक्षा जास्त मिळवले होते. यात मूसांचा दोष नाही. बबलमध्ये मॅचमागून मॅच असताना नवीन काही शिकवायला दिवसच मिळत नाहीत.

आता लगेच कुणीतरी नॉर्थईस्ट युनायटेडचं नाव काढेल. बरोबर आहे. त्याच जानेवारीत त्यांनी जेरार्ड नूसला सोडलं, खालिद जमील आले, लीगमध्ये एकही मॅच हरले नाहीत आणि टीम ३३ पॉइंटवर तिसरी आली. पण नूस तिथे त्याच सीझनला आलेला, त्याच्या खात्यात ट्रॉफी नव्हती. लोक असते तरी त्याच्यासाठी कुणी ओरडलं नसतं.

हेच चेल्सीत झालं, अठरा-एकोणीस दिवसांनी. २४ जानेवारी २०२१ला ल्यूटनविरुद्ध एफए कपची मॅच. फॅननी स्वतः पैसे काढून कोच फ्रँक लॅम्पार्डसाठी रिकाम्या स्टँडवर बॅनर लावला: फ्रँकवर आमचा विश्वास, तेव्हाही, आत्ताही, कायमच. चेल्सी ३-१ जिंकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅम्पार्डला काढलं. लीगमध्ये टीम नववी होती. चाळीस हजार माणसं तेच वाक्य ओरडत असती तर मालक अब्रामोविचनं ऐकलं असतंच असं नाही, पण एवढ्या आरामात, मॅच जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी? टुखेल आला आणि २९ मेला चॅम्पियन्स लीग जिंकला, म्हणजे निर्णय बरोबर निघाला. ते मान्य. प्रश्न निर्णयाचा नाहीच, तो किती सहज घेता आला याचा आहे.

आता दुसरी बाजू, जिथे रिकामं स्टेडियम खरंच कामी आलं. मँचेस्टर युनायटेडचा कोच ओले गुन्नार सोल्शायर. ४ ऑक्टोबर २०२०, घरचं ग्राउंड ओल्ड ट्रॅफर्ड रिकामं, टॉटनमकडून १-६. २४ ऑक्टोबर २०२१, ओल्ड ट्रॅफर्ड भरलेलं, लिव्हरपूलकडून ०-५. दोन्ही दिवशी हाफ टाइमपर्यंत चार गोल खाल्लेले. पहिल्या वेळी कॅमेऱ्याला दाखवायला खुर्च्यांवर ताणलेलं कापड होतं. दुसऱ्या वेळी हाफ टाइमलाच उठून जिन्याकडे निघालेली माणसं होती, आणि ते चित्र रात्रभर जगभर फिरलं. १-६नंतर ओले टिकला, टीम त्या सीझनला दुसरी आली. ०-५नंतर चार आठवडे. वॉटफर्डला १-४ हरल्यावर तो हात वर करून आपल्याच फॅनकडे गेला, त्यांनी हुर्यो केली, शेजारी त्याचा प्लेयर ब्रुनो फर्नांडिस 'फक्त त्याचा दोष नाही, आमचाही आहे' अशा खुणा करत होता. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, नोकरी गेली.

प्रीमियर लीगचे आकडेही तसेच. २०२०-२१मध्ये सीझन चालू असताना चार जण गेले: बिलिच, लॅम्पार्ड, वाइल्डर, मोरिन्यो. पुढच्या वर्षी लोक परत आले आणि दहा गेले.

हे घडतं कसं, ते बघायचं तर सबस्टिट्यूशन बघा. ३० ऑक्टोबर २०२१, टॉटनम घरच्या ग्राउंडवर मँचेस्टर युनायटेडकडून हरत होतं. टॉटनमचा कोच नूनोनं लुकास मौराला बाहेर काढून बर्खवाइनला आत घेतलं. अख्खं स्टेडियम भडकलं, 'तुला काही कळत नाही' म्हणून ओरडायला लागलं. ०-३. १ नोव्हेंबरला नूनो घरी. रिकाम्या ग्राउंडवर हाच बदल कॉमेंटेटरनं एका वाक्यात उरकला असता. भरल्या ग्राउंडवर तो सार्वजनिक ठराव होतो. म्हणून अडचणीतला कोच लोकांसमोर लाडक्या प्लेयरला हात लावत नाही, दमलेला असला तरी पंचाहत्तराव्या मिनिटापर्यंत ठेवतो आणि तिथेच मॅच जाते. रिकाम्या स्टेडियममध्ये त्याला हा बदल साठाव्या मिनिटाला निवांत करता येतो. हा फायदा खरा आहे.

पण त्याच्या बदल्यात जातं ते जास्त. घसरलेला कोच सीझनच्या मध्ये फिक्स्चर काढून बसतो आणि घरच्या मॅचवर बोट ठेवतो: हे दोन खालचे संघ आपल्याकडे येतायत, सहा पॉइंट धरा, तेवढ्यात बोर्ड गप्प बसेल. २०२०-२१मध्ये ते सहा पॉइंट नव्हतेच. प्रीमियर लीगच्या ३८० मॅचमध्ये घरच्या टीम १४४ जिंकल्या आणि पाहुण्या १५३. इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं. रेफ्रीच्या कानात पंचवीस हजारांचा आवाज नसला की पन्नास-पन्नास टक्केवाला फाउल घरच्यांना मिळत नाही, हे त्यातलं एक कारण. बुडणाऱ्याच्या हातातली दोरीच काढून घेतल्यासारखं झालं.

तुम्ही स्वतः टीम सांभाळत असाल तर कामाचं थोडं. (प्रश्नात लिहिलेलं नाही, पण विचारणारे बहुतेक असेच असतात.) शाळांच्या स्पर्धा, भर दुपारच्या लीग मॅच, म्हणजे रिकामं ग्राउंड आपल्याकडे नेहमीचंच आहे. पहिली अडचण आवाजाची. तुमची प्रत्येक हाक समोरच्या बेंचला ऐकू जाते. 'डावीकडनं दाब' म्हणालात की त्यांचा राइट बॅक तुमच्या विंगरच्या आधी सावध होतो. भाषा बदलून उपयोग नाही. खानापूर असो की निपाणी, समोरच्याला मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी सगळं कळतं. दोन अक्षरी कोड ठेवा, तीनच ठेवा, हाफ टाइमला बदला. चौथा कोड दिलात की आपलीच पोरं गोंधळतात. दुसरं, पोरांना चूक झाल्या झाल्या नावानं ओरडू नका. लेले ग्राउंडवर दोरीबाहेर गर्दी असताना ते आवाजात विरून जातं. रिकाम्या ग्राउंडवर त्याच्या बापाला, रेफ्रीला, समोरच्या टीमला, सगळ्यांना ऐकू जातं आणि तो पोरगा पुढची वीस मिनिटं बॉल मागत नाही. तिसरं, साठाव्या मिनिटानंतर टीम झोपते. ढकलायला मागे कुणी नसतं. बेंचवरच्या सगळ्यांना तेव्हा उभं करा आणि टाळ्या वाजवायला लावा. बावळट दिसतं. दिसू दे. पहिला बदल कितव्या मिनिटाला करायचा ते मॅचआधीच कागदावर लिहा, कारण रिकाम्या ग्राउंडवर मॅच हातातून निघाली हे कानाला कळतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कमिटीशी स्वतः बोला. हरल्यावर दोन दिवसांच्या आत, टेबल त्यांच्या हातात पडायच्या आधी. किती चान्स तयार केले, किती घालवले, जखमी कोण, पुढच्या तीन मॅच कुणाशी. एक पान पुरे. गर्दी असती तर चार माणसांनी चहाच्या गाडीवर सांगितलं असतं की टीम चांगली खेळली, नशीब फुटकं. गर्दी नाही म्हणजे तुमचा साक्षीदार नाही. क्वाद्रातकडे नेमका तोच नव्हता.

काही गोष्टी वरती राहून गेल्या. चार विरुद्ध दहा हा हिशेब पूर्णपणे प्रेक्षकांचा नाही. तिकिटांचे पैसे बंद असताना कोचला काढून भरपाई देणं क्लबांना जड जात होतं. लोक परतले तसे पैसेही परतले. त्या दहांतले दोन तर एकट्या वॉटफर्डचे, आणि वॉटफर्ड कोच काढायला कारण शोधत नाही. न्यूकॅसलला मालक नवीन आले होते, तिथला कोच ब्रूस तसाही जाणार होता. शिवाय जर्मनीत शाल्केनं त्याच रिकाम्या सीझनमध्ये वॅग्नर, बाउम, स्टीव्हन्स, ग्रॉस, ग्रामोझिस असे पाच कोच बसवले, तरी खालच्या डिव्हिजनमध्ये उतरले ते उतरलेच. २० एप्रिल २०२१च्या रात्री बीलेफेल्डहून हरून परतले तेव्हा फॅन स्टेडियमबाहेर उभे होते, अंडी फेकली, प्लेयरच्या मागे धावले. आत घेत नाहीत म्हणून लोक नाहीत असं समजू नये.

राहिला लिव्हरपूलचा तेव्हाचा कोच क्लॉप. टिळकवाडीतला माझा एक दोस्त गेली काही वर्षं हेच सांगतोय की २०२१मध्ये लिव्हरपूलच्या घरच्या ॲनफिल्ड ग्राउंडवर लोक असते तर क्लॉपला फेब्रुवारीतच हाकललं असतं. अरे बाबा, त्याच ॲनफिल्डवर लिव्हरपूल लीगच्या ६८ मॅच हरलं नव्हतं. २१ जानेवारीला बर्नलीनं ती साखळी तोडली, मग ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलहॅम, घरच्या ग्राउंडवर लीगमध्ये लागोपाठ सहा पराभव, सगळे रिकाम्या स्टँडसमोर. डिफेन्समधला व्हॅन डाइक ऑक्टोबरपासून जखमी होऊन बाहेर, गोमेझ बाहेर, मातिप बाहेर. लोक असते तर सहातल्या दोन तरी वाचल्या असत्या, आणि २०१९ला चॅम्पियन्स लीग, २०२०ला तीस वर्षांनी लीग आणून दिलेल्या माणसाला ॲनफिल्ड हुर्यो करतं असं ज्याला वाटतं त्यानं फुटबॉलवर बोलू नये. शेवटच्या मॅचला दहा हजारांना आत सोडलं, २-० जिंकले, तिसरे आले.

माझ्या दोस्ताच्या बाजूचं खरं उदाहरण ओलेचं आहे. ते त्याला आजवर सुचलेलं नाही, आणि आता मीच वर लिहून बसलोय.