दूध, साय, लोणी, मैदा काहीही न घालता क्रीमसारखं दाट सूप कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी मुलाला गहू आणि दूध दोन्ही बंद केलंय. त्याचं आवडतं मशरूम सूप तुम्ही कॉर्नफ्लोअर लावून केलंत तर ते खळीसारखं झालं, आणि नारळाचं दूध घालून केलंत तर त्याने एक चमचा खाऊन वाटी बाजूला सारली. वाचताना मला आमचे दिवस आठवले. माझ्या मुलीला सिलिअॅक, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचं कळलं तेव्हा सुरुवातीचे काही महिने तिचं दूधही बंद होतं. या आजारात आतड्याचं अस्तर झिजतं आणि दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तिथेच तयार होतं, त्यामुळे अनेकांना काही काळ दूध सोसत नाही. गहू सुटल्यावर अस्तर भरून येतं, तसं तिचंही आलं. आता ती दूध पिते. तरी सूप मी अजूनही बिनदुधाचंच करते, कारण ते आम्हाला जास्त आवडायला लागलं.

कॉर्नफ्लोअरने खळ का झाली, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. साय आणि मैदा मिळून सुपात तीन गोष्टी करतात. मैद्यातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि सूप दाट होतं. सायीतल्या स्निग्धांशाचे बारीक थेंब सगळीकडे पसरतात, त्याने सूप दुधट दिसतं आणि जिभेवर मऊ लागतं. आणि तिसरं म्हणजे कुठेही कणी लागत नाही. कॉर्नफ्लोअर यातलं फक्त पहिलं काम करतं. त्यात स्निग्धांश नाही, आणि शिजलं की ते पारदर्शक होतं. म्हणून दाटपणा येतो, पण तो चकचकीत, बुळबुळीत असतो. तुमच्या हातून काही चुकलं नाही, एकट्या कॉर्नफ्लोअरकडून तेवढंच होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की दुधाच्या जागी काय घालू हे शोधत बसू नका. दाटपणा भाजीतूनच काढा, स्निग्धपणा तेलातून किंवा काजूतून आणा आणि मऊपणासाठी मिक्सर आणि गाळणी वापरा.

दाटपणासाठी माझा सगळ्यात मोठा भरवसा साध्या तांदळावर आहे. लिटरभर सुपाला दोन मोठे चमचे पुरतात. भाजीबरोबरच पातेल्यात टाकायचे आणि शितं फुटून पार गळेपर्यंत, पंचवीस-तीस मिनिटं शिजू द्यायचे. नेहमीच्या भाताइतकं शिजून चालत नाही, दाणा बोटात धरला तर त्याची पेस्ट व्हायला हवी. कच्चट राहिला तर मिक्सरमध्ये कितीही फिरवा, कणी लागतेच. हे काही आजारपणातलं जुगाड नाही. फ्रेंच बिस्क हे शाही समजलं जाणारं सूप पूर्वीपासून तांदळानेच दाट करतात. तांदळाला स्वतःची ठळक चव नसते आणि रंग पांढरट येतो, त्यामुळे खाणाऱ्याला साय घातल्यासारखंच वाटतं.

काजूचं काम निराळं. त्यात स्निग्धांश भरपूर असतो आणि थोडा स्टार्चही असतो, म्हणून तो एकटाच दोन्ही बाजू सांभाळतो. लिटरला पाव कप, म्हणजे साधारण 35 ग्रॅम काजू घ्या. उकळतं पाणी ओतून अर्धा तास झाकून ठेवा, मग अगदी थोड्या पाण्यात आधी वेगळे वाटा. ही पायरी गाळू नका. सगळ्या सुपात एकदम टाकले तर पातळ पाण्यात काजू पात्यांना चुकवतात आणि रवाळ राहतात. वाटण दोन बोटांत चोळून बघा, काही टोचलं नाही की झालं. आणखी एक, काजू घातलेलं सूप उकळी आल्यावर अजून दाट होतं. मिक्सरमधून काढल्यावर पातळ वाटलं म्हणून घाईने आणखी काही घालू नका, मंद आचेवर तीन मिनिटं ठेवा आणि मगच ठरवा. मुलाला सुक्या मेव्याची अॅलर्जी असेल तर अर्थात काजू नाही, नुसता तांदूळ आणि तेल.

बटाटा सगळे सुचवतात आणि तो चांगलाच आहे, पण मिक्सरमध्ये त्याच्यावर अन्याय होतो. जोरात आणि बराच वेळ फिरवला की त्यातला स्टार्च मोकळा सुटतो आणि सूप डिंकासारखं ताणलं जातं. बटाटा वेगळा कुस्करून गाळणीतून दाबून घाला, किंवा पाणी भरपूर ठेवून अगदी थोडा वेळ फिरवा.

फ्लॉवर मऊ शिजवून वाटला तर आश्चर्य वाटेल इतका गुळगुळीत होतो. पांढरे राजमे आणि सालं काढलेली लाल मसूरही चालते, फक्त डाळीची चव लागते, म्हणून टोमॅटो किंवा गाजराच्या सुपात ती जास्त शोभते. नारळाचं दूध मी मशरूमला कधीच घालत नाही. ते भोपळ्याला, रताळ्याला छान, आणि तिथेही शेवटी, आच मंद करून. खळखळ उकळलं तर फुटतं.

तेलाची गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. फोडणीला घातलेलं तेल आणि वाटताना घातलेलं तेल यात खूप फरक आहे. फोडणीचं तेल तवंग होऊन वर येतं. तेच दोन चमचे तेल, मिक्सर चालू असताना वरच्या भोकातून धारेने सोडलं तर पात्यांनी त्याचे अगदी बारीक थेंब होतात, वाटलेली भाजी आणि स्टार्च ते धरून ठेवतात. भांड्यात डोकावून पाहा, सुपाचा रंग डोळ्यांसमोर फिका होत जातो. तपकिरी मशरूमचं सूप दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. थेंबाथेंबावरून उजेड विखुरतो, साय घातल्यावर नेमकं हेच होतं. कोणतंही सौम्य वासाचं तेल घ्या.

आता तुमच्या मुलाचं मशरूम सूप. चौघांसाठी 400 ग्रॅम मशरूम, एक मोठा कांदा, चार लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे तांदूळ, वर सांगितलेले काजू आणि साधारण 900 मिलिलिटर पाणी. कांदा थोड्या तेलात मीठ टाकून, झाकण ठेवून, मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजू द्या. तो लाल करायचा नाही, पार विरघळल्यासारखा मऊ करायचा. दुधाला स्वतःचा गोडवा असतो, तो गेला की सूप बोचरं लागतं. ही उणीव कांदा भरून काढतो, त्यामुळे इथे घाई केली तर शेवटी कितीही मीठ-मिरी घाला, चव मिळून येत नाही. लसूण, धुतलेले तांदूळ आणि पाणी त्यातच घाला.

मशरूम वेगळ्या पसरट तव्यात, तापलेल्या, आधी तेल नाही आणि मीठही नाही. दाटीवाटी करू नका, दोन खेपांत करा. पाणी सुटेल, तव्यावर चर्र आवाज येत राहील. पाणी आटलं की आवाज बदलतो, कोरडा आणि बारीक होतो. तेव्हा चमचाभर तेल सोडा आणि कडा खमंग तपकिरी होऊ द्या. सुपाची सगळी चव या तपकिरी कडांत आहे. एक मूठ काप वर घालायला काढून ठेवा, बाकीचे पातेल्यात टाका. तव्याला चिकटलेलंही थोड्या पाण्याने खरवडून त्यातच घ्या. तांदूळ गळेपर्यंत शिजवा, वाटा, काजूचं वाटण आणि तेलाची धार सोडा, गाळा आणि पुन्हा तीन मिनिटं मंद आचेवर ठेवा. पळीवाढं व्हायला हवं, पळीच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ तशीच राहावी. शेवटी मिरी आणि लिंबाचे चार-पाच थेंब. आंबट लागण्याइतकं नाही, चव उघडण्याइतकंच.

गरम सूप मिक्सरच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात कधीही फिरवू नका. वाफ कोंडते आणि झाकण उडतं, माझ्या मनगटावर त्याचा डाग आहे. कोमट होऊ द्या, भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, वरचं भोक उघडं ठेवून त्यावर घडी घातलेलं फडकं धरा. तेलाची धार सोडताना फडकं जरासं बाजूला करा. हातात धरायचा ब्लेंडर असेल तर पातेल्यातच फिरवा, फक्त त्याने थोडा जास्त वेळ लागतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सूप घरचं असलं तरी गहू मागच्या दाराने येतो. तयार स्टॉकच्या वड्या, सोया सॉस, माल्ट किंवा बार्ली असलेलं काहीही, यांची पाकिटं उलटून वाचा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लूटेन-फ्री म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, म्हणून तो शिक्का असलेलंच घ्या. ओटचं दूध अनेक जण सुचवतील. ओट्समध्ये बहुतेक वेळा गव्हाची भेसळ झालेली असते, आणि शुद्ध ओट्सही काही सिलिअॅक रुग्णांना सोसत नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. दुधाच्या बाबतीत नॉन-डेअरी या शब्दावर विसंबू नका, तशा क्रीमरमध्ये, म्हणजे चहा-कॉफीत दुधाऐवजी घालायच्या पावडरमध्ये, केसिनेट म्हणजे दुधाचंच प्रथिन असू शकतं. लॅक्टोज-फ्री म्हणजेही दूधच, फक्त साखर मोडलेली. मुलाला दुधाच्या प्रथिनाची अॅलर्जी असेल तर यातलं काहीच चालणार नाही. नेमकं काय आहे हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या, त्यावर खूप काही अवलंबून आहे.

आणि गाळणी. आमच्याकडे सगळं बदलूनही मुलीचं पोट पुन्हा दुखायला लागलं, तेव्हा एकेक भांडं उजेडात धरून पाहिलं. सूप मी ज्या चाळणीतून गाळत होते, त्याच चाळणीने कणीक चाळली जायची. घासून स्वच्छ दिसायची, पण काठाच्या पत्र्याखाली जाळीत पिठाची पांढरी रेघ अडकलेली होती. त्या दिवशी तिच्यासाठी वेगळी गाळणी, वेगळा लाकडी चमचा आणि वेगळा तवा आणला. तुम्हीही आजच करा, सूप नंतर.

उरलेलं सूप फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी खूप घट्ट झालेलं दिसेल, तांदळामुळे तसं होतं. गरम करताना थोडं थोडं उकळतं पाणी घालून ढवळा, पुन्हा सरसरीत होतं. मीठ मात्र तेव्हा परत चाखून बघा.