हिरवळीच्या यंत्राचे पाते: धार, कोन आणि तोल

पावसाळा सरता सरता या सदराकडे आलेल्या पत्रांत गवत कापण्याच्या यंत्राच्या पात्याविषयीची पत्रे यंदा बरीच होती. त्यांतील चार निवडली आहेत. पहिल्या दोन पत्रांची उत्तरे काहीशी लांबली आहेत, कारण विषयाचा गाभा तेथेच आहे.

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात सुमारे तीन गुंठे हिरवळ आहे आणि ती कापण्यासाठी विजेवर चालणारे, आडव्या फिरत्या पात्याचे 18 इंची यंत्र आहे. गेल्या दोन महिन्यांपासून कापणीच्या दुसऱ्या दिवशी गवताची टोके पांढुरकी पडतात. पात्याला धार हवी, असे माळीकाकांचे म्हणणे आहे. दुकानदाराने कोन बदलता येणारे धार लावण्याचे एक साधन दाखवले. त्यावर 15 ते 45 अंशांपर्यंतच्या खुणा आहेत. कोणता कोन ठेवावा आणि असे साधन घेणे योग्य ठरेल का?
— एका गृहसंस्थेचे सचिव, पुणे

उत्तर: माळीकाकांचे निदान बरोबर आहे. पांढुरक्या टोकाचे एक पान तोडून उजेडात धरून पाहावे. धारदार पात्याने कापलेले टोक सरळ दिसते, तर बोथट पात्याने तोडलेल्या टोकाला बारीक दशा लोंबताना दिसतात आणि त्या दशाच वाळून पांढऱ्या पडतात. कात्रीला दुसऱ्या पात्याचा आधार असतो, तसा या यंत्रातील पात्याला कशाचाच नसतो. ते केवळ वेगाच्या बळावर गवत छाटते. 50 हर्ट्झच्या विजेवर चालणारी या प्रकारची मोटर साधारणपणे मिनिटाला 2800 फेरे घेते. मोटर पात्याला थेट जोडलेली असेल, तर आपल्या 18 इंची पात्याचे टोक ताशी सुमारे 240 किलोमीटर वेगाने धावत असते. या वेगाला थोडी धार पुरते. मात्र ती धार खडा, वाळू आणि मुरूम यांच्या माऱ्यात टिकली पाहिजे.

कोनाचा निर्णय यावरूनच होतो. कोन फार लहान ठेवला, तर धार पातळ होते आणि पहिल्याच खड्याला तिला दाते पडतात. कोन फार मोठा ठेवला, तर धार टिकते, पण गवत कापण्याऐवजी फाटते. बहुतेक फिरत्या पात्यांसाठी 30 अंशांच्या आसपासचा कोन चालतो. तथापि आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल, तर तोच मानावा. पुस्तिका हरवली असेल, तर पात्यावर कारखान्यातून आलेला मूळ उतार पाहावा. त्या उतारावर काळ्या मार्करने रेघोट्या मारून साधन अंदाजे 30 अंशांवर बसवावे आणि कानस किंवा दगड एकदाच हलक्या हाताने फिरवावा. शाई उताराच्या पूर्ण रुंदीवर सारखी पुसली गेली, तर कोन जुळला असे समजावे. ती फक्त धारेलगत पुसली गेली, तर साधनाचा कोन जास्त आहे. फक्त मागच्या बाजूला पुसली गेली, तर तो कमी आहे. साधनावर छापलेल्या खुणांपेक्षा माझा या शाईवर अधिक विश्वास आहे.

साधन घ्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्यावर किती अंशांच्या खुणा आहेत, हे पाहून ते घेऊ नये. दुकानातच कोन बसवून स्क्रू आवळावा आणि साधनाचा हलता भाग हाताने जोर लावून ढकलून पाहावा. तो किंचितही सरकला, तर साधन परत ठेवावे. दारावर सायकल घेऊन येणाऱ्या धारवाल्याच्या मनगटात वर्षानुवर्षांच्या सरावाने कोन मुरलेला असतो, त्यामुळे त्याला असल्या साधनाची गरज पडत नाही. आपल्या मनगटात तो नसतो, म्हणून तो साधनाकडून उसना घ्यायचा असतो, आणि उसना घेतलेला कोन दर हेलकाव्याला बदलत असेल, तर तो नसल्यातच जमा आहे.

धार पात्याच्या वरच्या, म्हणजे उतार असलेल्या बाजूनेच लावावी. खालची बाजू सपाट असते आणि ती सपाटच राहिली पाहिजे. धार लावताना कडेला येणारी बारीक बर, म्हणजे धातूची उलटलेली झालर, तेवढी खालून कानशीच्या एका हलक्या हाताने काढावी. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या खाचेत दोन कठीण तुकडे बसवलेली सुरीसाठीची साधने दोन्ही बाजूंनी धातू खरवडतात, त्यामुळे ती येथे वापरू नयेत. पाते वस्तऱ्यासारखे तेज करण्याचा मोहही टाळावा. लोणी लावण्याच्या सुरीइतकी धार पुरेशी असते. साधारणपणे 20 ते 25 तास यंत्र चालले, की धार तपासावी. आपल्या हिरवळीवर वाळूमिश्रित माती पसरली असेल, तर त्याआधीच तपासावी.

प्रश्न: मी एका कारखान्यात जोडारी म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. असे कोन बदलणारे साधन घरीच तयार करावे असा विचार आहे. बेंच ग्राइंडर माझ्याकडे आहे, पण त्यावर धार लावलेले पाते महिनाभरही टिकले नाही. काय चुकले असावे आणि साधनाची रचना कशी असावी?
— एक निवृत्त कामगार, सांगली

उत्तर: पात्यावर धार लावताना निळसर झाक आली होती का, हे आठवून पाहावे. पोलाद तापत गेले, की आधी गवती पिवळा, मग जांभळा आणि सुमारे 300 अंश सेल्सिअसला निळा रंग दिसतो. निळा रंग आला म्हणजे त्या जागेचे पाणी उतरले, असे लोहार सांगतात आणि ते अक्षरशः खरे आहे: तेथील पोलाद मऊ पडते आणि धार लगेच बोथट होते. हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. माझ्या पहिल्याच पात्याची दोन्ही टोके मी घाईघाईने निळी केली होती आणि तो रंग छान दिसतो म्हणून शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवलाही होता. ग्राइंडर वापरायचाच असेल, तर पाते दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवू नये आणि हाताला चटका बसण्याआधी ते पाण्यात बुडवावे. शिवाय दगड झिजत जातो तसा टेकू आणि दगड यांच्यातील अंतर वाढते आणि कोनही बदलतो. हे अंतर 3 मिलिमीटरपेक्षा अधिक राहू देऊ नये. त्यातून कामाचा तुकडा आत ओढला जाण्याचा धोका असतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

माझ्या मते घरगुती कामाला दहा इंची, मध्यम दात्यांची सपाट कानस ग्राइंडरपेक्षा चांगली. दगडावर आपटून पाते काचेसारखे तुटू नये म्हणून त्याचे पोलाद मुद्दाम फार कडक ठेवलेले नसते, आणि म्हणूनच कानस त्याला सहज लागते.

साधनाची रचना अशी करावी. एका जाड पाटावर दुसरी फळी बिजागरीने जोडावी. बिजागरीच्या आसापासून फळीच्या मोकळ्या कडेपर्यंतचे अंतर नेमके 20 सेंटिमीटर ठेवावे. पाते वरची बाजू वर करून या फळीवर बिजागरीला समांतर आडवे ठेवावे, आणि त्याची धार फळीच्या मोकळ्या कडेच्या किंचित बाहेर येईल असे पाहावे. आता मोकळी कड उचलली, की धारेची बाजू वर येते, आणि फळी जितक्या अंशांनी उचलली जाते तितक्या अंशांचा उतार आडव्या धरलेल्या कानशीखाली आपोआप तयार होतो.

या रचनेची मला आवडणारी गोष्ट अशी, की 30 अंशांसाठी कोनमापक लागत नाही. फळीच्या लांबीच्या बरोबर निम्मी उंची, म्हणजे 20 सेंटिमीटरला 10 सेंटिमीटर, एवढा लाकडी ठोकळा मोजून मोकळ्या कडेखाली ठेवला, की 30 अंश झाले. 25 अंशांसाठी ठोकळा साडेआठ सेंटिमीटरचा, तर 35 अंशांसाठी साडेअकरा सेंटिमीटरचा लागेल. खाच आणि विंग नट असलेली पट्टी लावूनही उंची बदलता येते, पण ठोकळा सरकत नाही आणि सैलही होत नाही. कोन दोन-तीनच लागणार असतील, तर मी ठोकळेच पसंत करीन.

कानस आडवी राहावी यासाठी पोलादी नळीचे मोकळे फिरणारे दोन रूळ बसवावेत: एक धारेच्या पुढे आणि दुसरा पात्याच्या मागे, दोन्ही एकाच पातळीत आणि धारेला समांतर. कानस या दोन रुळांवर टेकवून धारेच्या आडव्या दिशेने चालवावी आणि हळूहळू धारेच्या लांबीवर सरकवत न्यावी. ठोकळा बदलला, की धारेची उंचीही बदलते. म्हणून रुळांचे खांब उभ्या खाचांचे करावेत, नाहीतर कोन बदलण्याच्या सोयीला अर्थ राहणार नाही. या रुळांचे खरे महत्त्व मात्र वेगळेच आहे. कानस दोन्ही रुळांवर पूर्ण टेकली, की पात्यावरून ती आणखी धातू काढू शकत नाही. फळीवर एक खुंटी बसवून पात्याचे मधले भोक तिच्यात घट्ट बसेल असे केले, म्हणजे एक टोक झाल्यावर पाते अर्धे फिरवताच दुसरे टोक त्याच जागी आणि त्याच उंचीवर येते. दोन्ही टोकांवरून जवळजवळ सारखाच धातू निघतो. त्याचा फायदा पुढच्या पत्राच्या उत्तरात दिसेल. फक्त पाते धारेजवळ सी-क्लॅम्पने आवळायला विसरू नये, कारण काही पाती मध्यभागी वाकवलेली असतात आणि नुसत्या खुंटीवर ती डुगडुगतात. कानशीचे दाते कीस धरू लागले, तर त्यांवर शाळेतला खडू घासावा.

प्रश्न: पात्याला धार लावून आणल्यापासून यंत्र इतके थरथरते की हातांना मुंग्या येतात. धार तर चांगली लागली आहे. असे का व्हावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: यंत्र चालवणे आधी थांबवावे. पात्याच्या एका टोकावरून दुसऱ्यापेक्षा अधिक धातू काढला गेला आहे, अशी शंका येते. 10 ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो, पण मध्यापासून 20 सेंटिमीटर अंतरावर, मिनिटाला 2800 फेऱ्यांच्या वेगात तो फरक आसाला सुमारे 17 किलोच्या ओझ्याइतका हिसका देतो, आणि त्या हिसक्याची दिशा सेकंदाला सुमारे 47 वेळा फिरते. मोटरचे बेअरिंग हे फार दिवस सोसणार नाही.

यंत्राची पिन काढून (पेट्रोलवरचे असेल, तर स्पार्क प्लगची वायर काढून) पाते सोडवावे. भिंतीत आडव्या ठोकलेल्या खिळ्यावर ते मधल्या भोकाने अडकवून आडवे धरावे आणि हलकेच सोडावे. जे टोक खाली जाईल ते जड. नंतर पाते उलटे करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण भोक खिळ्यापेक्षा बरेच मोठे असेल, तर पहिली चाचणी फसवू शकते. जड टोकाच्या बोथट शेवटावरून कानशीने थोडा थोडा धातू काढावा. नुकत्याच लावलेल्या धारेला हात लावू नये. तोल बरोबर असूनही थरथर राहिली, तर पाते स्वयंपाकघरातील कडप्प्यावर ठेवून दोन्ही टोके सारखी टेकतात का ते पाहावे. वाकलेले पाते, किंवा सपाट भाग आणि मागचा उचललेला पंख यांच्या सांध्यात झिजून पातळ झालेले अथवा तडा गेलेले पाते ठोकून सरळ करू नये. ते टाकून नवे घ्यावे. बसवताना पंख यंत्राच्या छताकडे आहेत, याची खात्री करावी. उलटे बसलेले पाते कितीही धारदार असले तरी गवत कापत नाही, आणि असे होते हे मी अनुभवावरून सांगतो.

प्रश्न: आमच्या शाळेच्या मैदानावर खेळपट्टीसाठी नळकांड्यासारख्या फिरत्या पात्यांचे यंत्र आहे. वर उल्लेखलेल्या प्रकारचे कोन-जुळणीचे साधन त्याला चालेल का?
— एक क्रीडाशिक्षक, मडगाव

उत्तर: नाही. आपले यंत्र वेगळ्या घराण्यातील आहे. इंग्लंडमधील स्ट्राउड येथे एडविन बडिंग यांनी कापडावरील लव कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून गवत कापण्याचे यंत्र बनवले आणि 1830 मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) घेतले. आपले यंत्र त्याच वळणाचे आहे. त्यात गोल फिरणारी मळसूत्री पाती खालच्या स्थिर पात्यावरून घासत जातात आणि गवत कात्रीसारखे कातरले जाते. तेथे एकट्या पात्याच्या कोनापेक्षा दोन्ही पात्यांच्या लगटीला, म्हणजे ती एकमेकांना कशी टेकतात याला, अधिक महत्त्व असते, आणि एखाद्याच मळसूत्री पात्यावर कानस चालवली, तर ती लगट कायमची बिघडते.

आधी दोन्ही बाजूंच्या जुळणीच्या स्क्रूंनी स्थिर पाते अगदी थोडे थोडे जवळ आणावे. जाड हातमोजे घालून, नळकांडे हाताने सावकाश फिरवत, वर्तमानपत्राची पट्टी स्थिर पात्याच्या संपूर्ण लांबीवर ठिकठिकाणी घालून पाहावी. ती सगळीकडे स्वच्छ कातरली गेली, तर धार लावण्याची गरज नाही. काही जागी ती नुसती दुमडली, तर कार्बोरंडमची, म्हणजे कठीण घासकणांची, लुगदी पात्यांना ब्रशने लावून नळकांडे उलट दिशेने फिरवावे; पाती एकमेकांवर घासून आपली लगट आपणच जमवतात. त्यानंतर लुगदी पाण्याने पूर्ण धुऊन काढावी, कारण तिचा एखादा कण बेअरिंगमध्ये गेला, तर तो तेथेही तसेच घासकाम चालू ठेवील. पट्टीची चाचणी पुन्हा घेऊन, तेलाचा हात फिरवून मगच यंत्र खेळपट्टीवर न्यावे.