ती पाचवीत, मी निवृत्त

‘बाप व्हायला उशीर झाला, आता पुढचं कसं निभावायचं?’ ही काळजी घेऊन येणारे पुरुष हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला बऱ्यापैकी दिसतात. उशिराची कारणं आपल्या ओळखीचीच असतात. आधी बहिणींची लग्नं, घराचं कर्ज, मग जमता जमता मोडलेली स्थळं, आणि लग्नानंतर दवाखान्यांचे उंबरे. पण हा प्रश्न कुणी सरळ विचारत नाही. झोप लागत नाही, ॲसिडिटी वाढलीय, घरात उगाच आवाज चढतो, असं काहीतरी सांगत येतात.

सरही तसेच आले. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेत गणिताचे शिक्षक, वय ४८. लग्न ४१व्या वर्षी झालं. पत्नी, म्हणजे ताई, नऊ वर्षांनी लहान. उपचारांचा नाद सोडून दिल्यावर दिवस राहिले आणि मुलगी झाली. ती तेव्हा सात महिन्यांची होती. पेढे वाटून झाले आणि सरांची झोप उडाली.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून फुलस्केप वही काढली. पट्टीने रकाने आखलेले : साल, माझं वय, तिचं वय, इयत्ता, अंदाजे खर्च. पाचवीपुढे ५८ आणि लाल शाईत ‘सेवानिवृत्त’. दहावीपुढे ६३. पदवीपुढे ६९. शेवटच्या ओळीत ‘लग्न’, पुढे ७४ आणि मोठं प्रश्नचिन्ह.

“मॅडम, यात काही चुकतंय का? चुकत असेल तर सांगा.”

“गणित बरोबर आहे, सर. फक्त ताईंचा रकाना दिसत नाही.”

सर वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तो आखायचा राहिला.”

हा रकाना बहुतेकांचा राहतो. उशिरा बाप झालेला माणूस मुलाचं सगळं भवितव्य एकट्याच्या आयुष्यावर तोलतो, आणि शेजारी आणखी एक कमावतं, धडधाकट माणूस आहे हे हिशोबात धरतच नाही. ताई डी.फार्म. झालेल्या. दिवस राहीपर्यंत मेडिकलच्या दुकानात नोकरी करत होत्या. मुलगी दहावीला जाईल तेव्हा त्या ५४ वर्षांच्या असतील. त्या पुन्हा कधी कामावर जाणार, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना जायचं होतं.

पुढच्या वेळी मी दोघांना बोलावलं. ताई बोलायला लागल्या तेव्हा वहीत नसलेल्या बऱ्याच गोष्टी निघाल्या. “शाळेतून आले की हिशोब. चष्म्याचा नंबर वाढलाय, तरी बदलत नाहीत, पैसे वाचवायचे म्हणून. आणि तिला घेतच नाहीत हो. रडायला लागली की लगेच माझ्याकडे देतात.”

सर गप्प. मग ताईंनीच सांगितलं. चौदाव्या आठवड्याच्या लसीला दोघं उपकेंद्रात गेले होते. मुलगी सरांच्या मांडीवर. सिस्टरनी इंजेक्शन भरता भरता म्हटलं, “आजोबा, पाय घट्ट धरा हं बाळाचा.” तेव्हापासून बाळाला घेऊन बाहेर जायचं म्हटलं की सरांना शाळेचं काहीतरी काम निघायचं. केस काळे करायला लागले ते त्याच आठवड्यात.

“तुम्ही काय म्हणालात सिस्टरना?” मी विचारलं.

“काय म्हणणार? धरला पाय.”

लोक उगाच लावून घेऊ नका म्हणतात, पण हे लागतं. ज्याला आयुष्यात ‘बाबा’ ही हाक मिळेल की नाही याची खात्री नव्हती, त्याला तोंडावर आजोबा म्हटलं की लागणारच. त्यावर मोठं भाषण नको आणि कसनुसं हसणंही नको. आम्ही एकच वाक्य ठरवलं : “आजोबा नाही, बाबा.” खुलासा नाही, वय नाही, चिडणं नाही. हे माझ्यासमोर म्हणून दाखवा म्हटल्यावर वर्गात साठ मुलांना गप्प करणाऱ्या माणसाचा आवाज फुटेना. दोन-चारदा म्हणायला लावलं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला सरच घेऊन गेले, वाक्य म्हणाले. सिस्टर “बरं बाबा, धरा” म्हणाल्या आणि पुढच्या बाळाचं कार्ड मागितलं. एवढंच.

सरांची दुसरी धास्ती रात्री मोबाईलवर वाचून आलेली होती : वडिलांचं वय जास्त म्हणजे मुलात दोष. यात तथ्य आहे, पण वाचलं त्या मापाचं नाही. आइसलंडमध्ये ७८ कुटुंबांच्या जनुकांचा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. वडिलांचं वय एका वर्षाने वाढलं की मुलात साधारण दोन नवे जनुकीय बदल जास्त येतात, असं त्यात दिसलं. यातल्या बहुतेक बदलांनी काहीच होत नाही. काही दुर्मीळ आजारांचा आणि ऑटिझमचा धोका वयाबरोबर वाढतो, तरी बहुसंख्य मुलं निरोगीच जन्मतात. सरांची मुलगी वेळेवर मान धरत होती, पालथी पडत होती, बालरोगतज्ज्ञ समाधानी होते. तिच्यापेक्षा सरांचीच तपासणी राहिली होती. रक्तदाब आणि तीन महिन्यांची सरासरी साखर बघून या म्हटलं. साखर काठावर निघाली. चष्माही त्याच दिवशी करून घ्यायला सांगितलं.

‘तरुण बापांचा तरी काय भरवसा’ असं नातेवाईक समजुतीने म्हणतात. मी म्हणत नाही. सर ७४ वर्षांचे होतील तेव्हा मुलगी जेमतेम २६ची असेल, हे खरंच आहे आणि त्याचं वाईट वाटणंही रास्त आहे. पण रोज रात्री तेच कागदावर मांडून त्यात एक वर्षही कमी होत नाही. म्हणून वहीतलं जे हातात होतं, ते उरकायला घेतलं. सरांची नोकरी नोव्हेंबर २००५च्या आधीची, त्यामुळे जुनी पेन्शन आहे आणि त्यांच्या पश्चात ताईंना कुटुंब निवृत्तिवेतन आहे. सरांना हे माहीत होतं, तक्त्यात मात्र कुठेच नव्हतं. बँकेच्या जुन्या ठेवींवर नॉमिनी म्हणून आईचं नाव, आणि आई जाऊन चार वर्षं झालेली. ते बदललं. मृत्युपत्र केलं. दोघांचंही बरंवाईट झालं तर मुलीला कोण सांभाळणार, हे ताईंच्या भावाशी आणि भावजयीशी समोरासमोर बसून बोलले. हे बोलणं सगळ्यांत जड गेलं, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोगाचं तेच होतं. त्या रात्री सर झोपले, असं ताई म्हणाल्या.

संध्याकाळची अंघोळ आणि मऊ भात सरांकडे आला. गुडघे दुखतात, म्हणून खाली मांडी घालण्याऐवजी ते पाटावर बसतात.

जे अजून विचारात आहेत, त्यांच्यासाठी थोडं. टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांना २०२१च्या कायद्याने वयाची मर्यादा घातली आहे : स्त्री ५०, पुरुष ५५. दत्तक घ्यायचं असेल तर २०२२च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५च्या आत लागते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०च्या. ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणताना ही बेरीज वर्षाला दोनने वाढते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

आणि एक गोष्ट सरांच्या बाबतीत मी पहिल्या भेटीतच तपासली होती. बाळ झाल्यावर नैराश्य फक्त बाळंतिणीला येतं, असा समज आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० साली काढलेला अंदाज सांगतो की बाळाच्या जन्माच्या आगेमागे दहातल्या एका बापालाही ते गाठतं. पुरुषात ते रडण्यापेक्षा चिडचिड, घराबाहेर राहणं, दारू, कामात बुडून जाणं अशा रूपात दिसतं. सरांचं तिथवर गेलं नव्हतं. दोन आठवडे हे टिकलं, किंवा ‘मी नसलेलाच बरा’ असं बोलणं आलं, तर वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरातला बाप स्वतः फोन लावत नसेल, तर बायकोने किंवा भावाने लावून विचारलं तरी चालतं.