फेअरफील्डला जुनं घर घ्यावं का?

आयोवातल्या फेअरफील्डला नवऱ्याला नोकरी मिळतेय, १८९० च्या सुमाराचं लाकडी घर स्वस्तात मिळतंय, मुलगा दुसरीत आहे. यावं का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचं सरकारी साइटवर सगळं आहे, ते सोडते. तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितेय.

घर स्वस्त आहे कारण माणसं कमी होताहेत. जेफरसन काउंटीत २०१० ला १६,८४३ लोक होते, २०२० ला १५,६६३. आपली माणसं दिसतील ती महर्षी महेश योगींच्या विद्यापीठामुळे; पार्सन्स कॉलेज १९७३ मध्ये बंद पडलं, पुढच्या वर्षी हे त्या आवारात आलं. तिथली माणसं वास्तू मानतात, म्हणून इथे दार पूर्वेला असलेल्या घराला गिऱ्हाईक लवकर मिळतं. दक्षिणेचं असेल तर पुढे विकताना जड जाईल.

१९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसं असू शकतं. विकणाऱ्याच्या कागदावर थांबू नका, तपासणी करून घ्या. आणि ॲब्स्ट्रॅक्ट वकिलाकडून नीट वाचून घ्या. आपल्या फेरफारासारखा जमिनीचा सगळा इतिहास त्यात असतो. आमच्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये आधीच्या कुणाच्या तरी गहाणखताची फेड नोंदवायची राहिली होती. बँक आणि विकणारा एकमेकांकडे बोट दाखवत बसले, आम्ही सामान खोक्यांत ठेवून वाट पाहिली.

ॲब्स्ट्रॅक्टचा तो गठ्ठा मी सगळा वाचला. सुरुवात सरकारी जमिनीपासून. ती सॉक आणि मेस्क्वाकी लोकांकडून करारांनी घेतलेली, पण त्यांचं नाव कुठेच नाही. पुढे विक्री, वारस, विधवा, परत विक्री. शेवटी आम्ही.

एकटेपणा? असतो. हिवाळ्यात जास्त. सवय होते.

भाषेचं मात्र मला अजून सहन होत नाही. याच काउंटीत लॉकरिजजवळ न्यू स्वीडन आहे, १८४५ ला पीटर कॅसलने वसवलेलं. घरी स्वीडिश बोलणारं कुणी मला भेटलं नाही. शाळेच्या फॉर्मवर ‘घरची भाषा’ विचारतात. मी मराठी लिहिलं. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या लेकीला रोज वर्गातून उठवून इंग्रजी शिकवायला नेऊ लागले. ते नाकारायचा हक्क पालकांना असतो. मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही मराठीच लिहा, पण मग मुलाची इंग्रजीची चाचणी घेतील, तिचा निकाल लेखी मागा आणि पटलं नाही तर नाही म्हणा. माझी लेक तेव्हापासून घरातही माझ्याशी इंग्रजीतच बोलते.