खऱ्या अरण्यातला एकांत महाराष्ट्रात अनुभवता येतो का, की त्यासाठी लडाखलाच जावे लागते?

येतो, आणि त्यासाठी मेळघाट पुरेसे आहे. सातपुड्यातला हा सुमारे २,७०० चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक आहे. तरीही इथल्या डोंगरदऱ्यांत वाघ सहजासहजी दिसत नाही, म्हणून ‘पैसे वसूल’ करणारी मंडळी इकडे फारशी फिरकत नाहीत. माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण आहे.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग ‘निसर्गानुभव’ उपक्रमात सामान्य नागरिकांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसू देतो. माझ्या सोबतीला इथल्या कोरकू आदिवासी जमातीतले एक वनमजूर होते. त्यांनी अवाक्षर काढले नाही. मी बाटलीचे झाकण फिरवले तरी ते नुसते माझ्याकडे पाहत. मे महिन्यात सागाची झाडे निष्पर्ण असतात आणि खाली वाळक्या पानांचा थर असतो. त्यावरून उंदीर गेला तरी माणूस चालत आल्यासारखे वाटते. मध्यरात्रीनंतर मात्र एवढा धिप्पाड गवा आला, तो मला कळला तो पाणी ओढण्याच्या आवाजावरून. झाडांच्या सावलीत त्याचे काळे अंग दिसतच नव्हते, गुडघ्यांखालचे पांढरट पाय तेवढे चिखलात हलत होते. मग दूर दरीत सांबर ओरडले, गव्याने मान वर केली आणि वनमजुरांनी बोटाने दिशा दाखवली. तिकडे काय होते ते शेवटपर्यंत समजले नाही. समोरच्या एकाही डोंगरावर दिवा नव्हता.

परतल्यावर आमच्या थोरल्या साडूंनी विचारले, ‘वाघ दिसला का?’ नाही म्हटल्यावर ‘मग रात्रभर जागून मिळवलंत काय?’ असे भर पंगतीत म्हणून त्यांनी मोबाइलमधला, सफारीच्या जिप्सी गाड्यांच्या गराड्यात सापडलेला आपला वाघ सर्वांना दाखवला. तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून इथे स्पष्ट लिहितो: गाड्यांच्या रांगेत उभे राहून वाघ पाहणे ही करमणूक आहे, तिला अरण्याचा अनुभव म्हणू नये.

लडाखशी माझे वैर नाही. चांगथांगचे पठार चार हजार मीटरांहून उंच आणि खरोखरच अफाट आहे. फक्त तिथे सुरुवातीचे दिवस विरळ हवेची सवय होण्यातच जातात.

राहता राहिले मचाणावरच्या रात्रीचे नियम. नोंदणी आधी करावी लागते. अत्तर, भडक कपडे आणि टॉर्चचा झोत चालत नाही. त्या रात्री दिसलेल्या प्राण्यांच्या नोंदी म्हणजे शास्त्रीय गणना नव्हे, वाघांच्या संख्येचा अंदाज कॅमेरा ट्रॅपवरून, म्हणजे जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांवरून बांधतात. खोकला असेल तर जाऊ नये, आणि आमच्या साडूंप्रमाणे ज्यांना दर अर्ध्या तासाने काहीतरी बोलावेसे वाटते त्यांना जिप्सीच बरी.