सोलर किती किलोवॅटचं? आधी बारा महिन्यांची बिलं काढा

प्रश्न : मी मिरजेत राहते, निवृत्त शिक्षिका आहे. घरात आम्ही दोघं आणि उन्हाळ्यात येणारी नातवंडं. मे महिन्याचं बिल बघून डोळे पांढरे झाले, म्हणून सोलरवाल्याला बोलावलं. त्याने ते बिल पाहिलं, गच्ची पाहिली आणि म्हणाला, ‘जागा आहे, 5 किलोवॅट टाका, बिल शून्य.’ कोटेशन 3 लाखांचं आहे. त्याच्याकडेच 3 किलोवॅटचे 1 लाख 95 हजार आणि 2 किलोवॅटचे 1 लाख 40 हजार पडतात. कोणतं घेऊ? पैसे किती वर्षांत सुटतील? सोबत वर्षभराच्या युनिटांचा कागद जोडला आहे.

उत्तर : बाई, तुम्ही तो कागद जोडलात हे फार बरं केलंत. आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. आता गच्चीवर चढायला लोक मला बोलावतात, पण बिलं मागितली की मेचं एकच बिल पुढे करतात. मेच्या बिलावर सोलरचा आकार ठरवायचा म्हणजे दिवाळीतला पाहुण्यांचा घोळका बघून रोजच्या पोळ्यांची कणीक मळायची.

तुमचे आकडे असे आहेत : एप्रिल 410, मे 445, जून 330, जुलै 210, ऑगस्ट 195, सप्टेंबर 215, ऑक्टोबर 260, नोव्हेंबर 190, डिसेंबर 165, जानेवारी 170, फेब्रुवारी 200, मार्च 310. बेरीज 3,100. आपल्याकडे 1 किलोवॅटमागे वर्षाला 1,300 युनिट धरावेत. विकणारे रोजचे 4 युनिट म्हणजे 1,460 सांगतात. स्वच्छ पॅनेल आणि सरळ ऊन असेल तर तेवढे येतातही, पण धूळ आणि आषाढाचे ढग मी हिशेबात आधीच धरतो. म्हणजे 2 किलोवॅटचे 2,600, 3 चे 3,900 आणि 5 चे 6,500. तुमचा खर्च 3,100. उरलेले 3,400 युनिट तुम्ही कोणासाठी पिकवणार?

आता खरी गंमत टप्प्यांची आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 त्याच्या दुपटीच्या आसपास, 301 पासून आणखी महाग. दर बदलत राहतात, म्हणून वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे युनिटमागचे पैसे) धरून मी मोघम 6, 12 आणि 16 रुपये घेतले आहेत. तुम्ही ताज्या बिलावरचे घाला. तुमचे 1,200 युनिट पहिल्या टप्प्यात जातात, 1,605 दुसऱ्यात आणि 295 तिसऱ्यात. वर 16 टक्के वीज शुल्क. सगळं मिळून वर्षाला 36 हजारांच्या आसपास. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दरमहा लागणारी ठरलेली रक्कम, यात धरलेला नाही, कारण सोलर लावलं तरी तो सुटत नाही. ‘बिल शून्य’ म्हणणारा हे सांगायला विसरतो.

सोलरला नेट मीटर बसतो, तो लाइनकडून घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज दोन्ही मोजतो. सोलरचा युनिट वापरातून वजा होतो तो वरून, म्हणजे महागडा आधी. तुमच्या कागदावर 2 किलोवॅट महिन्यामहिन्याला मांडून पाहिलं. एप्रिलमध्ये 410 मधून 260 गेले, बिल 150 चं. मेमध्ये 175, जूनमध्ये 140, जुलैत 70. नोव्हेंबरपासून उलट होतं, तुमचा वापर कमी आणि उत्पादन जास्त, म्हणून जादा युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा राहतात. फेब्रुवारीअखेर अशी 195 ची शिल्लक झाली आणि मार्चने त्यातले 40 खाल्ले. उरलेले 155 मात्र 31 मार्चला संपतात. आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिट कंपनी अगदी कमी दराने घेते आणि 1 एप्रिलला खातं पुन्हा शून्यावर. नेमका उन्हाळा तोंडावर असताना! मला या नियमाचा राग येतो, पण हिशेब त्याच्यासकटच करायला हवा.

तरीही वर्षाचं बिल साडेपाच हजारांवर येतं. बचत साधारण 30 हजार. ‘पीएम सूर्य घर’ योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार अनुदान, म्हणजे 1 लाख 40 हजारांतले 60 हजार परत. तुमच्या खिशातून 80 हजार. पावणेतीन वर्षांत सुटले. मी तीन म्हणेन, कारण काही ना काही खर्च निघतोच.

तिसऱ्या किलोवॅटला अनुदान 18 हजार, एकूण 78 हजार. तुमचा निव्वळ खर्च 1 लाख 17 हजार, म्हणजे 37 हजार जादा. त्या बदल्यात वर्षाला आणखी पाचेक हजारच वाचतात, कारण महाग युनिट पहिल्या दोघांनीच संपवलेले असतात. या जादा पैशांना साडेसात वर्षं लागतील. चौथ्या-पाचव्या किलोवॅटला घरगुती अनुदानच नाही, 78 हजारांवर ते थांबतं. तिथे 1 लाख 5 हजार घालून तुम्ही कंपनीला स्वस्त वीज विकत बसाल.

तेव्हा 2 किलोवॅट घ्या. दोन वर्षांत एसी किंवा विजेची स्कूटर नक्की येणार असेल तरच 3. आणि अनुदान हवं असेल तर पॅनेलमधले सेलही भारतात बनलेले लागतात. हे कोटेशनवर लिहून घ्या.

सही करण्याआधी एक काम करा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते पाहा. माझ्या साताऱ्याच्या घरी 3 किलोवॅट बसवणारा मे महिन्यात आला. सूर्य डोक्यावर, टाकीची सावली टाकीच्या पायाशीच. दिवाळी उलटली तसा सूर्य दक्षिणेकडे कलला आणि दुपारनंतर काळा पट्टा सरकत सरकत दोन पॅनेलवर चढला. पॅनेल माळेत जोडलेली असतात, दोन झाकली की सगळ्या माळेचं उत्पादन घसरतं. रोज बारा युनिट दाखवणारा इन्व्हर्टर नऊवर आला. मी आठ दिवस इन्व्हर्टरलाच शिव्या देत होतो. शेवटी बायको वाळवणं उचलायला वर गेली आणि तिने खाली येऊन विचारलं, ‘टाकीच्या सावलीत का ठेवलेत हो ते?’ निदेशकाची अब्रू गेली आणि टाकी हलवायचे प्लंबरचे साडेचार हजारही. तुम्ही आता सकाळी नऊ आणि दुपारी तीनला वर जा, आणि सावली थंडीत याहून लांब उत्तरेकडे पडणार हे धरून चाला.

प्रश्न : लाइट गेली तर सोलरवर घर चालेल ना? (वाचक, नांदेड)

उत्तर : साध्या नेट मीटरच्या सोलरवर नाही. बाहेरची लाइन मेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, भर दुपारी बारा वाजले असले तरी. खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ही सोय असते. बॅटरीवाला हायब्रिड घेतला तर चालेल, पण बॅटरीचे पैसे वेगळे आणि काही वर्षांनी ती बदलायचीही. दिवसातून तासभर लाइट जात असेल तर घरातला जुना इन्व्हर्टर राहू द्या.

प्रश्न : आमचं बिल महिन्याला 85 युनिटांचं. शेजाऱ्यांनी सोलर घेतलं, आम्हीही 1 किलोवॅट घ्यावं का? (वाचक, चिपळूण)

उत्तर : तुम्ही पहिल्या, स्वस्त टप्प्यातच आहात. वर्षाचे 1,020 युनिट पूर्ण वाचले तरी शुल्कासकट सात हजारांच्या आसपास. लहान संचाला किलोवॅटमागे खर्च जास्त बसतो. 75 हजार धरले आणि 30 हजार अनुदान वजा केलं तर 45 हजारांना सव्वासहा वर्षं लागतात. शिवाय तुमच्याकडचा पाऊस मी काय सांगू!

त्याऐवजी छताकडे बघा. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) 30-35. दिवसाला बारा तास फिरणारे तीन पंखे बदलले तर महिन्याला चाळीसेक युनिट कमी होतील, आणि ते बसवायला ना अर्ज लागतो ना नेट मीटर. बदललेत तर पुढची दोन बिलं मला पाठवा, मला आकडे बघायचे आहेत.